पाऱ्याच्या थेंबामागे लागलेला माणूस

व्हायवा म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. समोर बसलेले सर नेमका तोच प्रश्न विचारणार जो आपण ऑप्शनला टाकलाय, याची खात्रीच असते. प्रश्न आला, उत्तर जमेल तसं दिलं, बाहेर आलो, चहा मारला, विषय संपला. बहुतेकांचं असंच असतं.

यारोस्लाव हेयरोव्हस्की नावाच्या एका मुलाचा मात्र हा विषय संपलाच नाही. १९१८ साली प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात त्याची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. परीक्षक होते भौतिकशास्त्राचे प्रोफेसर बोहुमिल कुचेरा. बोलता बोलता गाडी पाऱ्याच्या थेंबांवर आली. कुचेरांना स्वतःला कित्येक वर्षं एक कोडं सुटलेलं नव्हतं, ते त्यांनी या मुलासमोर ठेवलं आणि आपल्या लॅबमध्ये यायचं आमंत्रणही दिलं. त्या थेंबांनी या माणसाची पुढची जवळजवळ पन्नास वर्षं घेतली. त्यातून त्याला नोबेल मिळालं, आणि आज बोटाला सुई टोचून साखर बघायचं जे छोटं यंत्र घराघरात दिसतं, त्याच्या विज्ञानाची मुळंही त्यातच आहेत.

गंमत म्हणजे एमएस्सीला अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री घेतलेल्यांना ‘पोलॅरोग्राफी’ हा चॅप्टर भेटतो, इल्कोविचचं समीकरण पाठ करावं लागतं, पण त्यामागचा माणूस सहसा भेटत नाही. म्हणून आज त्याची गोष्ट.

वकिलीच्या घरातला केमिस्ट

हेयरोव्हस्कीचा जन्म २० डिसेंबर १८९०चा, प्रागमधला. तेव्हा चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश नकाशावर नव्हता. प्राग हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातलं एक शहर होतं. वडील लिओपोल्ड हे चार्ल्स विद्यापीठात रोमन कायद्याचे प्राध्यापक. घरात पुस्तकं, शिस्त, अभ्यासाचं वातावरण. भावंडांत यारोस्लावचा नंबर पाचवा. कायद्याच्या घरात वाढलेल्या या पोराला ओढ मात्र रसायन, भौतिक आणि गणिताची. १९०९मध्ये शाळा संपवून त्याने चार्ल्स विद्यापीठात हेच विषय घेतले.

पण वर्षभरातच त्याला लंडन खुणावू लागलं. तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजात सर विल्यम रॅम्से शिकवत होते. निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन ही नावं आपण पीरियॉडिक टेबलच्या उजव्या टोकाला घोकतो ना, ती मूलद्रव्यं शोधणारे हेच रॅम्से. (आपल्याशीही त्यांचा एक धागा आहे. जमशेटजी टाटांच्या मनात असलेली विज्ञानसंस्था कुठे उभारावी यासाठी रॅम्से भारत फिरून गेले होते आणि त्यांनी बंगळूरचं नाव सुचवलं होतं.) रॅम्सेंच्या हाताखाली शिकायचं या ओढीने हेयरोव्हस्की १९१०मध्ये लंडनला गेला आणि १९१३मध्ये तिथून बीएस्सी झाला.

तोवर रॅम्से निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी फ्रेडरिक डोनन आले होते. डोनन हे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीवाले. त्यांनी हेयरोव्हस्कीला काम दिलं अ‍ॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोडचं. ऐकायला सोपं, करायला वैताग. कारण अ‍ॅल्युमिनियमला हवा किंवा पाणी लागलं की त्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर बसतो. त्यात हायड्रोजनचे बुडबुडे. मोजायचं अ‍ॅल्युमिनियम आणि समोर भलतंच काहीतरी, अशी गत. दर वेळी आकडा वेगळा.

यावर डोनन यांनी एक युक्ती सुचवली. अ‍ॅल्युमिनियम पाऱ्यात विरघळवायचं आणि ते मिश्रण एका बारीक काचनळीतून हळूहळू वाहू द्यायचं. म्हणजे इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग सतत नवा राहील आणि थर साचायला वेळच मिळणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचा प्रश्न त्यातून पूर्ण सुटला नाही. पण सतत नवा होत राहणारा पृष्ठभाग ही कल्पना हेयरोव्हस्कीच्या डोक्यात पक्की बसली.

युद्ध आलं आणि प्लॅन फिसकटला

१९१४चा उन्हाळा. सुट्टीत हेयरोव्हस्की घरी प्रागला आला आणि पहिलं महायुद्ध पेटलं. तो ऑस्ट्रिया-हंगेरीचा नागरिक, आणि इंग्लंड आता शत्रुराष्ट्र. लंडनचे दरवाजे बंद. हातातलं संशोधन अर्धवट, करिअरचं काय होणार ठाऊक नाही. पुढे त्याला लष्करी सेवेत घेतलं आणि एका लष्करी इस्पितळात औषधं बनवायचं आणि एक्स-रेचं काम दिलं. तिथल्या ड्युट्या सांभाळून त्याने पीएचडीचा अभ्यास चालू ठेवला.

आणि मग आला तो १९१८चा व्हायवा.

कुचेरांचं कोडं असं होतं. विद्युतदाब दिलेल्या पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो, हे आधीपासून माहीत होतं. कुचेरांनी तो मोजायची एक साधी रीत काढली होती. केसासारखं बारीक भोक असलेल्या काचनळीतून पारा द्रावणात थेंबाथेंबाने पाडायचा, त्याला वेगवेगळा व्होल्टेज द्यायचा आणि थेंबांचं वजन करायचं. थेंबाचं वजन म्हणजे त्याच्या पृष्ठताणाचं माप. व्होल्टेजसमोर वजन मांडलं की एक छान गुळगुळीत कमान यायला हवी होती. पण कुचेरांच्या कमानीवर मध्येच उंचवटे येत होते. हे उंचवटे कशाचे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसरा कुणी असता तर प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिलं असतं. हेयरोव्हस्कीला मात्र तो थेंब ओळखीचा वाटला. दर काही सेकंदांनी जुना थेंब गळून पडतो आणि अगदी कोरा, स्वच्छ थेंब तयार होतो. लंडनमध्ये त्याला जे हवं होतं, ते इथे आयतं समोर होतं.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. नवा देश, नवी उमेद, शहरात जल्लोष. आणि हा माणूस लॅबमध्ये पाऱ्याचे थेंब गोळा करून, पुसून, वाळवून, तराजूत टाकत बसला होता.

१० फेब्रुवारी १९२२

हे काम किती कंटाळवाणं असेल याची कल्पना करा. एक व्होल्टेज ठरवा. ठरावीक संख्येचे थेंब पडू द्या. ते काढा, वाळवा, तोला. मग व्होल्टेज थोडा बदला आणि पुन्हा पहिल्यापासून. असं महिनोन्महिने. एवढं करूनही उंचवट्यांचं उत्तर मिळेना. त्यातच १९२१मध्ये कुचेराही गेले. कोडं देणारा माणूस नाही, कोड्याचं उत्तर नाही, आणि तराजू मात्र चालूच.

मग हेयरोव्हस्कीने प्रश्नच बदलला. थेंब तोलायचा कशाला? त्या थेंबातून वीज किती वाहतेय तेच थेट मोजलं तर?

१० फेब्रुवारी १९२२ रोजी त्याने सर्किटमध्ये एक नाजूक गॅल्व्हॅनोमीटर जोडला. भांड्यात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण होतं. त्याने व्होल्टेज थोडा थोडा वाढवत नेला आणि प्रत्येक टप्प्याला करंट लिहून घेतला. हा करंट किती असतो? मायक्रोअँपिअरच्या घरात. तुमच्या मोबाईलचा चार्जर दोन अँपिअरचा असेल, तर हा त्याच्या वीस लाखांव्या भागाच्या आसपास.

आकडे कागदावर मांडल्यावर जी रेघ आली ती पायऱ्यांची होती. करंट काही वेळ सपाट, मग एकदम चढ, मग पुन्हा सपाट, मग पुन्हा चढ.

या पायऱ्यांचा अर्थ समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. द्रावणात विरघळलेला प्रत्येक पदार्थ एका ठरावीक व्होल्टेजला इलेक्ट्रॉन घ्यायला तयार होतो. शिशाचा व्होल्टेज वेगळा, झिंकचा वेगळा, ऑक्सिजनचा वेगळा. त्या व्होल्टेजला पोचलो की तो पदार्थ थेंबाकडून इलेक्ट्रॉन घ्यायला लागतो आणि करंट चढतो. म्हणजे पायरी कुठे आली यावरून कळतं की पदार्थ कोणता. पण द्रावणातून थेंबापर्यंत पोचणाऱ्या कणांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे करंट एका उंचीवर जाऊन थांबतो. जितका पदार्थ जास्त, तितकी पायरी उंच. म्हणजे पायरीच्या उंचीवरून कळतं की पदार्थ किती.

कोणता आणि किती, ही दोन्ही उत्तरं एकाच रेघेत. तेसुद्धा द्रावण न उकळता, न गाळता. आणि किती कमी? लिटरभर पाण्यात दोनेक मिलिग्रॅम शिसं असेल तरी पायरी दिसते. त्या काळात अशा मापासाठी केमिस्ट लोकांना गाळणं, वाळवणं, तोलणं यात अख्खा दिवस घालवावा लागायचा.

आणि प्रत्येक मापाला पृष्ठभाग कोरा. आधीच्या प्रयोगाची घाण पुढच्यात येत नाही, कारण आधीचा थेंब कधीच तळाशी जाऊन पडलेला असतो. त्यामुळे आज आलेला आकडा उद्याही तोच येतो. लॅबमध्ये प्रॅक्टिकल केलेल्या कुणालाही याची किंमत सांगायला नको.

हेयरोव्हस्कीने हे आधी चेक भाषेतल्या रसायनाच्या मासिकात छापलं आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

जपानहून आलेला मित्र

पण एक अडचण होतीच. बिंदू बिंदू मोजून एक रेघ काढायला फार वेळ जायचा. अशा वेळी मदतीला आला मासुझो शिकाता, जपानहून प्रागला शिकायला आलेला संशोधक. दोघांनी मिळून १९२४ साली एक यंत्र बनवलं. त्यात व्होल्टेज वाढवणारं चाक आणि फोटोच्या कागदाचा रोल एकाच वेळी फिरायचे. गॅल्व्हॅनोमीटरच्या आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका त्या कागदावर पडायचा. कागद धुतला की पायऱ्यांची रेघ तयार. माणसाने बसून आकडे लिहायची गरज संपली.

या यंत्राला नाव दिलं पोलॅरोग्राफ, आणि पद्धतीला पोलॅरोग्राफी. रासायनिक विश्लेषण करून निकाल आपोआप कागदावर काढणाऱ्या जगातल्या पहिल्या यंत्रांमध्ये ते मोजलं जातं. आज आपण मशीनमध्ये सॅम्पल टाकतो आणि स्क्रीनवर ग्राफ बघतो, त्याची ही आजी म्हणायला हरकत नाही.

१९२६मध्ये हेयरोव्हस्की चार्ल्स विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी मारीशी लग्न झालं. पुढे एक मुलगी, एक मुलगा. आणि लॅबमध्ये विद्यार्थ्यांची रांग, त्यात परदेशातून आलेलेही. त्यांच्यापैकीच एक डिओनिझ इल्कोविच. थेंब वाढत असताना करंट नेमका किती येणार, याचं गणित त्याने १९३४मध्ये बसवलं. आता पायरीची उंची आणि पदार्थाचं प्रमाण यांचं नातं नुसतं निरीक्षण राहिलं नाही, त्याला समीकरण मिळालं. तुमच्या सिलॅबसमधलं ते हेच.

हेयरोव्हस्कींना आणखी एक गोष्ट कळली होती. छोट्या देशातलं, छोट्या भाषेतलं संशोधन बाहेर पोचलं नाही तर ते असून नसल्यासारखं. म्हणून १९२९मध्ये त्यांनी एमिल वोतोचेक या सहकाऱ्याबरोबर एक मासिक काढलं. त्यात चेकोस्लोव्हाकियातलं रसायनशास्त्र इंग्रजी आणि फ्रेंचमधून छापलं जायचं. १९३३मध्ये ते स्वतः अमेरिकेला गेले आणि तिथल्या विद्यापीठांत व्याख्यानं देत फिरले. पोलॅरोग्राफी जगभर पसरली त्यात या खटपटीचा वाटा मोठा आहे.

थेंब रक्तापर्यंत पोचला

सुरुवातीला या पद्धतीचं गिऱ्हाईक म्हणजे धातू मोजणारे लोक. पण हळूहळू लक्षात आलं की इलेक्ट्रॉन घेणारे-देणारे पदार्थ आपल्या अंगातही भरपूर आहेत. क जीवनसत्त्व पाऱ्याच्या थेंबाला इलेक्ट्रॉन देतं, म्हणजे ते मोजता येतं. पुढे क्लोरॅम्फेनिकॉलसारखी अँटिबायोटिक्स आली. त्यांच्यातला नायट्रो गट थेंबाकडून सहज इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून तेही मोजता येतं.

१९३०च्या दशकात हेयरोव्हस्कींचे सहकारी रुडॉल्फ ब्रडिच्का यांना दिसलं की कोबाल्ट असलेल्या द्रावणात रक्ताचा सीरम टाकला की पोलॅरोग्राफवर एक खास उंचवटा येतो. प्रथिनांमधल्या गंधकामुळे. कॅन्सरच्या रुग्णांमध्ये हा उंचवटा बदललेला दिसतो म्हणून मोठी आशा निर्माण झाली आणि अनेक देशांत ही चाचणी करूनही पाहिली गेली. पण तसा बदल इतर आजारांतही दिसत होता. एकट्या या चाचणीवरून कॅन्सर आहे असं म्हणता येईना. विज्ञानात हेही होतं. माप अचूक असतं, पण त्याचा अर्थ आपल्याला वाटतो तेवढा सरळ नसतो. रिपोर्टमधला एक आकडा बघून गुगलवर स्वतःचं निदान करणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आणि या सगळ्यात एक पदार्थ कायम लुडबुड करायचा. ऑक्सिजन. हवेतला ऑक्सिजन द्रावणात विरघळतो आणि पोलॅरोग्राफवर एक नाही, चांगल्या दोन पायऱ्या काढतो. त्याच्या पायऱ्यांखाली बाकीच्यांच्या झाकल्या जातात. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी द्रावणातून नायट्रोजन किंवा हायड्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलून द्यावा लागायचा. पोलॅरोग्राफी करणाऱ्यांसाठी ऑक्सिजन म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा. हा पाहुणा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

१७ नोव्हेंबर

मार्च १९३९मध्ये नाझी फौजा प्रागमध्ये घुसल्या. २८ ऑक्टोबरला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, लोक रस्त्यावर उतरले. त्यात यान ओप्लेताल या मेडिकलच्या विद्यार्थ्याला गोळी लागली आणि काही दिवसांनी तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो विद्यार्थी जमले. नाझींनी त्याचा सूड १७ नोव्हेंबरला उगवला. नऊ जणांना, त्यातले बहुतेक विद्यार्थी नेते, खटल्याशिवाय मारलं. बाराशेच्या आसपास विद्यार्थ्यांना होस्टेलमधून उचलून छळछावणीत पाठवलं. सगळी चेक विद्यापीठं बंद. १७ नोव्हेंबर हा जगभर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो, तो याच दिवसाची आठवण म्हणून.

हेयरोव्हस्कींचं विद्यापीठच बंद झालं. लेक्चर नाही, विद्यार्थी नाहीत. लॅबही जायचीच, पण ती वाचली ती एका जर्मन माणसामुळे. प्रागमधल्या जर्मन विद्यापीठात योहान बोम नावाचे प्राध्यापक होते. जर्मन असूनही नाझींच्या विरोधातले. (अ‍ॅल्युमिनियमचं एक खनिज आहे बोहमाइट, ते यांच्याच नावाचं.) त्यांनी आपलं वजन वापरून हेयरोव्हस्कींना लॅबमध्ये काम करत राहू दिलं.

त्या काळात हेयरोव्हस्कींनी पोलॅरोग्राफीवरचं आपलं मोठं पुस्तक पुरं केलं. ते १९४१ साली जर्मनमध्ये आलं. बाहेर अंधार असताना आपलं काम करत राहणं बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. बंद विद्यापीठातल्या प्राध्यापकापुढे फार पर्याय नव्हते, हेही खरं. एवढं नक्की की युद्ध संपलं तेव्हा पोलॅरोग्राफीचा धागा तुटलेला नव्हता. नव्या विद्यार्थ्यांना शिकवायला लॅब होती, पुस्तक होतं आणि शिकवणारा माणूसही होता.

१९५०मध्ये प्रागला खास पोलॅरोग्राफीसाठी संस्था उभी राहिली आणि हेयरोव्हस्की तिचे संचालक झाले. नोबेलसाठी त्यांचं नाव १९३०च्या दशकापासून सुचवलं जात होतं. दर वर्षी दुसऱ्या कुणाचं तरी नाव जाहीर व्हायचं. अखेर १९५९मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्या फेब्रुवारीतल्या पायऱ्यांना ३७ वर्षं झाली होती आणि हेयरोव्हस्की सत्तरीला टेकले होते. २७ मार्च १९६७ला प्रागमध्येच ते गेले. ती संस्था आज त्यांच्याच नावाने चालते.

मग आपल्या घरातलं मशीन?

आता त्या न बोलावलेल्या पाहुण्याकडे येऊ. अमेरिकेत लिलँड क्लार्क नावाचे संशोधक होते. हृदयाच्या ऑपरेशनवेळी शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळायच्या यंत्रावर त्यांचं काम चालू होतं. त्यांना रक्तातला ऑक्सिजन थेट मोजायचा होता. म्हणजे हेयरोव्हस्कींच्या लॅबमध्ये ज्याला हाकलून देत, नेमका तोच आता हवा होता.

प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड घेतला तर ऑक्सिजन मोजता येतो, पण रक्तातली प्रथिनं त्यावर चिकटतात आणि माप बिघडतं. पाऱ्याचा थेंब दर वेळी कोरा असतो, प्लॅटिनम नसतं. क्लार्क यांनी त्यावर साधा तोडगा काढला. इलेक्ट्रोडवर प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणून बसवला. ऑक्सिजन त्यातून आत जातो, प्रथिनं बाहेरच राहतात. हा इलेक्ट्रोड त्यांनी १९५६मध्ये प्रसिद्ध केला. तत्त्व पोलॅरोग्राफीचंच: ठरलेला व्होल्टेज, आणि करंट म्हणजे प्रमाण. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रकाशावर चालतो, तो वेगळा. पण आयसीयूमध्ये एबीजी करतात ना, त्या मशीनमध्ये ऑक्सिजन मोजायला क्लार्क यांचाच इलेक्ट्रोड पिढ्यानपिढ्या वापरला गेला.

ग्लुकोजची गंमत आणखी वेगळी. ग्लुकोज पाऱ्याच्या थेंबाला नीट दादच देत नाही. त्याची अशी ठळक पायरी येत नाही. मग क्लार्क यांनी १९६२मध्ये सहकाऱ्याबरोबर एक शक्कल लढवली. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे, ते फक्त ग्लुकोज पकडतं आणि ते करताना ऑक्सिजन खातं. एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवलं आणि ऑक्सिजन किती कमी झाला ते मोजलं, की ग्लुकोज किती ते कळलं. जो पदार्थ स्वतः बोलत नाही, त्याच्याबद्दल शेजाऱ्याला विचारायचं.

पुढे ऑक्सिजनच्या जागी इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे दुसरे रेणू आले, इलेक्ट्रोड कागदासारख्या पट्टीवर छापले जाऊ लागले, आणि १९८०च्या दशकात खिशात मावणारी यंत्रं बाजारात आली. आज पट्टीला रक्ताचा टिपूस लागतो, जेमतेम एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी. पाचेक सेकंदांत आकडा येतो. त्या पाच सेकंदांत आत काय होतं? एन्झाइम ग्लुकोज पकडतं, इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या इलेक्ट्रोडला मिळतात, मायक्रोअँपिअरमध्ये करंट वाहतो, आणि चिप त्याचं भाषांतर मिलिग्रॅममध्ये करते. दंडावर चिकटवायचे सेन्सर असतात, तेही याच घराण्यातले. ते कातडीखालच्या द्रवातली साखर दिवसरात्र मोजतात. खेळाडूंचं लॅक्टेट, डायबेटिसमधले कीटोन, यांच्याही पट्ट्या निघाल्या आहेत.

यात पारा कुठेच नाही. पारा विषारी आहे, आणि त्याचा वापर कमी करायचा मिनामाता करार जगाने २०१३मध्ये केला, भारतानेही त्याला २०१८मध्ये मान्यता दिली. हेयरोव्हस्कींचं काचनळीचं यंत्र आता फारशा लॅबमध्ये चालताना दिसत नाही. ज्या थेंबावर त्यांनी आयुष्य काढलं, तोच आज नकोसा झालाय. पण ठरलेला व्होल्टेज द्या, करंट मोजा, त्यावरून प्रमाण काढा, ही रीत तशीच्या तशी टिकून आहे. थेंब बदलला, इतकंच. तेव्हा पाऱ्याचा होता, आता रक्ताचा.

भारतात डायबेटिस असलेल्यांची संख्या कोटींमध्ये आहे, आणि यातले कितीतरी जण तुमच्या-आमच्या घरातलेच आहेत. आईने इन्सुलिन किती घ्यायचं, आजोबांना चक्कर आली ती साखर उतरल्यामुळे की दुसऱ्या कशाने, हे आज घरच्या घरी आणि वेळेवर कळतं. हे मोजमाप शक्य झालं त्याच्या मुळाशी एक न सुटलेला प्रश्न आहे, आणि चार वर्षं थेंब तोलूनही तो न सोडणारा एक विद्यार्थी आहे.

हेयरोव्हस्कींच्या आधी कुचेरांनाही तेच उंचवटे दिसले होते. फरक इतकाच, की हेयरोव्हस्कींनी तो प्रश्न व्हायवाच्या खोलीतून बाहेर येताना सोबत घेतला. पुढच्या वेळी प्रॅक्टिकलला तुमचा ग्राफ पुस्तकातल्यासारखा येणार नाही. तेव्हा शेजारच्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायच्या आधी एकदा नीट बघा, बिंदू नेमके कुठे घसरलेत ते. बहुतेक वेळा ती साधी चूकच असेल. पण बघितल्याशिवाय ते कळणार कसं?